जेआरडी टाटा आणि पेट्रोलचं वजन: पायलट परीक्षेतलं फ्युएलचं गणित

तुमच्या फोनची बॅटरी शंभर टक्के असो की एक टक्का, फोन हाताला तेवढाच जड लागतो. विमानाचं तसं नाही. टाकी भरली की विमान जड होतं आणि उडत जाईल तसं हलकं होत जातं. मुंबईहून लंडनला निघालेलं मोठं विमान तिथे पोहोचेपर्यंत कित्येक टन वजन जाळून टाकतं. म्हणूनच पायलटच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: टाकीत इतके लिटर इंधन आहे, तर त्याचं वजन किती?

मी नाशिकचा. ओझरच्या बाजूने विमानाचा आवाज आला की मान वर जाणं ही इथल्या पोरांची लहानपणापासूनची सवय. कमर्शियल पायलट लायसन्सची तयारी करणारी, नुकतीच बारावी सायन्स झालेली मुलं मला हा प्रश्न नेहमी विचारतात. सूत्र बहुतेकांना पाठ असतं. पण ०.७२ ने गुणायचं की भागायचं, इथे गाडी अडते. मग मी सूत्र बाजूला ठेवतो आणि एका माणसाची गोष्ट सांगतो. भारतात दिलेलं पायलटचं पहिलं लायसन्स ज्यांच्या नावावर आहे, त्या जेआरडी टाटांची. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगतो. मध्ये मध्ये गणितं येतील, तेव्हा फोनमधला कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

आधी एवढं समजून घ्या: लिटर वेगळा, किलो वेगळा

घरातली गोडेतेलाची एक लिटरची पिशवी बघा. तिच्यावर लिटरच्या जोडीला ग्रॅममध्ये वजनही छापलेलं असतं, साधारण ९१० ग्रॅम. पिशवीत एक लिटर तेल आहे, पण ते एक किलो भरत नाही. एक लिटर पाणी मात्र एक किलो भरतं. म्हणजे तेल पाण्यापेक्षा हलकं. पाण्याच्या तुलनेत एखादा पदार्थ किती जड किंवा हलका आहे, हे सांगणाऱ्या आकड्याला सापेक्ष घनता म्हणतात. परीक्षेत त्याला स्पेसिफिक ग्रॅव्हिटी म्हणतात, थोडक्यात एसजी.

लहान विमानांत जे पेट्रोल वापरतात त्याला एव्हीगॅस म्हणतात. त्याची एसजी साधारण ०.७२. जेट विमानांत केरोसिनच्या जातीचं इंधन असतं, त्याची एसजी ०.८० च्या आसपास. म्हणून पहिलं सूत्र असं:

किलो = लिटर × एसजी

म्हणजे १०० लिटर एव्हीगॅसचं वजन ७२ किलो. झालं. पाण्यापेक्षा हलकं आहे, म्हणून किलोचा आकडा लिटरपेक्षा लहानच यायला हवा. तो मोठा आला, तर तुम्ही गुणायच्या जागी भागलंय असं समजा.

पण वजनच का हवं? टाकीत किती जागा भरली हे लिटर सांगतात. पंखांना मात्र वजन उचलायचं असतं. धावपट्टी किती लांब लागेल, विमान किती वेगाने वर चढेल, त्याचा तोल पुढे जाईल की मागे, हे सगळं वजनावर ठरतं. आता जेआरडींकडे येऊ.

फ्रान्सचा किनारा आणि एक शेजारी

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा, जमशेदजींच्या नात्यातले आणि त्यांच्या उद्योगातले भागीदार. आई सुझान फ्रेंच. उन्हाळ्याची सुट्टी हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो नावाच्या गावी घालवायचं. तिथे त्यांच्या शेजारी घर होतं लुई ब्लेरियो यांचं.

ब्लेरियो म्हणजे विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस. तारीख २५ जुलै १९०९. तेव्हा जेआरडी पाच वर्षांचेही नव्हते. त्या किनाऱ्यावरच्या वाळूत विमानं उतरायची आणि हा मुलगा ती बघत राहायचा. पंधराव्या वर्षी त्याला विमानात बसायला मिळालं आणि मनात पक्कं झालं की आपण एक दिवस विमान चालवायचं. पण त्यासाठी त्याला आणखी जवळजवळ दहा वर्षं थांबावं लागलं.

मधली वर्षं सोपी नव्हती. १९२३ मध्ये आई गेली. मग फ्रेंच सैन्यातली सक्तीची नोकरी झाली. जेआरडींना इंग्लंडमध्ये केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायचं होतं, पण वडिलांनी १९२५ मध्ये भारतात बोलावून घेतलं आणि टाटांच्या ऑफिसात बसवलं. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. बावीस वर्षांच्या जेआरडींवर घराची जबाबदारी आली आणि कॉलेजची डिग्री कायमची राहून गेली. ही रुखरुख त्यांना आयुष्यभर होती, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे सांगतात. जे शिकायचं ते त्यांनी पुढे स्वतः वाचून शिकलं. परीक्षेच्या तयारीत असलेल्या मुलांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

लायसन्स नंबर १

१९२९ च्या जानेवारीत मुंबईत जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लबचं शिकवणं सुरू झालं आणि जेआरडी लगेच दाखल झाले. चार तासांपेक्षाही कमी शिकवणीनंतर त्यांनी एकट्याने विमान उडवलं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी लायसन्स हातात पडलं. त्यावर नंबर होता १.

नाशिककरांसाठी एक गंमत सांगतो. याच बॉम्बे फ्लाइंग क्लबचं विमान चालवायचं प्रशिक्षण आता धुळ्याच्या धावपट्टीवर चालतं. म्हणजे आपल्या मुंबई-आग्रा हायवेने मालेगाव ओलांडून पुढे गेलं की जेआरडींचा क्लब लागतो. उत्तर महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांना हे माहीतच नसतं.

अबूकीरमध्ये दिलेले प्लग

भारत आणि इंग्लंड यांमधलं अंतर एकट्याने विमान चालवत सर्वात आधी पार करणाऱ्या भारतीयासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अट होती की प्रवास सहा आठवड्यांच्या आत झाला पाहिजे. जेआरडी ३ मे १९३० रोजी कराचीहून जिप्सी मॉथ विमान घेऊन निघाले. त्याच सुमारास अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून उलट दिशेने भारताकडे येत होता.

इजिप्तमधल्या अबूकीर या ठिकाणी दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकला होता, कारण त्याच्याकडे इंजिनाचे जादा स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे दिले. स्पर्धा चालू होती आणि समोरचा प्रतिस्पर्धी होता, तरी दिले. अस्पी कराचीला आधी पोहोचला आणि बक्षीस त्याने जिंकलं. जेआरडी लंडनजवळच्या क्रॉयडनला उतरले तेव्हा स्पर्धा संपलेली होती.

पुढे हाच अस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. १९६२ मध्ये मिग-२१ विमानांसाठी सोव्हिएत युनियनशी करार झाला, तेव्हा ते त्या पदावर होते. त्याच मिगसाठी १९६४ मध्ये ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला. नाशिकच्या आकाशात विमान दिसलं की मला अबूकीरमधले ते स्पार्क प्लग आठवतात ते यामुळे.

आता गणिताच्या बाजूने बघू. असल्या प्रवासात जादा प्लग, अवजारं, पाणी, कपडे, सगळं लहानशा विमानात भरायचं. प्रत्येक वस्तूला वजन आहे आणि प्रत्येक किलोमागे पेट्रोलला जागा कमी. काय घ्यायचं आणि काय सोडायचं याचा हिशेब पायलटला रोज सकाळी करावा लागायचा. अस्पीने काय सोडलं आणि जेआरडींनी काय घेतलं, यावर त्या दिवशी एकाचा प्रवास अवलंबून होता.

पंचावन्न पौंडांचं टपाल

नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला एक पायलट १९२९ मध्ये भारतात आला होता. त्याच्या डोक्यात विमानाने टपाल नेण्याची योजना होती. लंडनहून येणारं टपाल विमानाने कराचीपर्यंत पोहोचायचं, पण पुढे मुंबई-मद्रासला रेल्वेने जायचं. तो वेळ वाचवायचा. जेआरडींना कल्पना पटली आणि टाटांनी दोन लाख रुपये घालायचं ठरवलं. पण सरकारकडून होकार यायला १९३२ उजाडलं. सरकारने मदत द्यायला नकार दिला. टाटांनी मग मदतीशिवायच काम घेतलं. पैसे मिळणार होते ते नेलेल्या टपालाच्या वजनावर.

इथे थांबा आणि विचार करा. कमाई टपालाच्या वजनावर. विमान उचलणार ठरावीकच वजन. त्यात पेट्रोल जास्त घेतलं तर टपालाला जागा कमी, म्हणजे पैसा कमी. पेट्रोल कमी घेतलं तर वाटेत कच्छच्या रणात उतरायची वेळ. म्हणजे पेट्रोलचं वजन नेमकं काढणं हा या धंद्याचा पाया होता.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ विमान उडवलं. एकच इंजिन, रेडिओ नाही, खाली दिशा दाखवणारी कुठलीही यंत्रणा नाही. सोबत टपाल ५५ पौंड, म्हणजे साधारण २५ किलो. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरायचं होतं. बर्मा शेल कंपनीने ते चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर आणलं होतं. तिथून पुढे मुंबई. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूच्या चिखलाच्या मैदानावर उतरलं. पुढे मद्रासपर्यंतचं टपाल व्हिन्सेंट दुसऱ्या विमानातून बेल्लारीमार्गे घेऊन गेले. आजच्या एअर इंडियाची सुरुवात ही अशी झाली.

आता त्या दिवसाचं गणित आपण करू

पस मॉथचं रिकामं वजन साधारण १,२६५ पौंड होतं आणि जास्तीत जास्त २,०५० पौंड वजनाने ते उडू शकत होतं. वजाबाकी केली की उरतात ७८५ पौंड. पायलट, पेट्रोल, सामान आणि टपाल, सगळं यात बसवायचं.

कराची ते अहमदाबाद नकाशावर सरळ रेष धरली तर साधारण ३७० मैल. वेग ताशी १०० मैल धरू. पेट्रोल तासाला ६ गॅलन लागतं असं उदाहरणासाठी धरू. हा आकडा माझा, परीक्षेत तो प्रश्नातच दिलेला असतो.

पायरी १, वेळ: ३७० ÷ १०० = ३.७ तास.

पायरी २, प्रवासाचं पेट्रोल: ३.७ × ६ = २२.२ गॅलन.

पायरी ३, राखीव पेट्रोल: पिस्टन इंजिनाच्या विमानाला शेवटी ४५ मिनिटांचं राखीव धरतात, म्हणजे ०.७५ × ६ = ४.५ गॅलन.

पायरी ४, एकूण: २२.२ + ४.५ = २६.७ गॅलन.

आता वजन. हा गॅलन ब्रिटिश, त्याला इम्पिरियल गॅलन म्हणतात. एक इम्पिरियल गॅलन पाणी बरोबर १० पौंड भरतं. म्हणून दुसरं सूत्र:

पौंड = इम्पिरियल गॅलन × एसजी × १०

२६.७ × ०.७२ × १० = साधारण १९२ पौंड, म्हणजे ८७ किलो.

बघा, २५ किलो टपाल नेण्यासाठी ८७ किलो पेट्रोल, म्हणजे साडेतीन पट. चार गॅलनच्या डब्यांत मोजलं तर जवळपास सात डबे. आजीच्या वेळचा रॉकेलचा मोठा डबा तुम्ही पाहिला असेल, तो साधारण तेवढाच.

आता समजा कोणी एसजी विसरला आणि पेट्रोल पाण्याइतकंच जड धरलं. मग २६.७ × १० = २६७ पौंड. खऱ्या वजनापेक्षा ७५ पौंड जास्त. टपाल होतं ५५ पौंड. म्हणजे एका आकड्याचा विसर पडला असता, तर कागदावर विमान भरलेलं दिसून टाटांचं पहिलं हवाई टपाल सगळंच्या सगळं खाली ठेवायची वेळ येऊ शकली असती. उलट, वजन कमी धरलं असतं तर विमान प्रमाणापेक्षा जड होऊन उडालं असतं. एसजी विसरू नका, असं मी मुलांना सारखं सांगतो ते या ७५ पौंडांमुळे.

गॅलन कोणता? फोन काय धरतो ते बघा

फोनमध्ये युनिट कन्व्हर्टर उघडला की त्यात दोन गॅलन दिसतात, आणि बऱ्याच ॲपमध्ये आधी अमेरिकन गॅलन येतो. दोन्ही वेगळे आहेत.

इम्पिरियल गॅलन = ४.५४६ लिटर

अमेरिकन गॅलन = ३.७८५ लिटर

आज भारतातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये सेसना विमानं खूप वापरतात आणि त्यांच्या पुस्तकांत अमेरिकन गॅलन असतो. एका अमेरिकन गॅलन एव्हीगॅसचं वजन ६ पौंड धरतात. म्हणजे ४० अमेरिकन गॅलन = २४० पौंड. पडताळून बघा: ४० × ३.७८५ = १५१.४ लिटर, × ०.७२ = १०९ किलो, × २.२०५ = साधारण २४० पौंड. दोन वाटांनी तेच उत्तर आलं की समजायचं, आपण बरोबर आहोत. परीक्षेत वेळ असेल तर हे नक्की करा.

१९८३: गुणाकार चुकला आणि विमान घसरत उतरलं

हे फक्त परीक्षेपुरतं आहे असं कोणाला वाटत असेल तर २३ जुलै १९८३ चा दिवस बघा. एअर कॅनडाचं नवं बोइंग ७६७ माँट्रियलहून ऑटावामार्गे एडमंटनला चाललं होतं. विमानाचे इंधन दाखवणारे काटे बंद होते, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजलं. कंपनी तेव्हा पौंडांवरून किलोवर येत होती.

गरज होती २२,३०० किलोची. टाकीत आधीचे ७,६८२ लिटर होते. त्यांना १.७७ ने गुणलं आणि १३,५९७ आले. ते किलो समजले. पण १.७७ हा एका लिटरचं पौंडांतलं वजन सांगणारा आकडा होता. किलोसाठी ०.८० च्या आसपासचा आकडा हवा होता. खरं वजन होतं साधारण ६,१७० किलो. मग किती लिटर भरायचे? त्यांनी काढले ४,९१७. खरे हवे होते २०,०८८.

इथे मघाचा नियम लावून बघा. ७,६८२ लिटरचे १३,५९७ किलो, म्हणजे किलो लिटरपेक्षा जास्त! इंधन पाण्यापेक्षा जड झालं की काय? तेवढी एक शंका कोणाला आली असती तर विमान निघालंच नसतं.

४१,००० फुटांवर असताना इंधन संपायला लागलं आणि एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांना ग्लायडर चालवायचा अनुभव होता. त्यांनी ते अवजड विमान इंजिनाशिवाय तरंगवत गिमली गावातल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. ६९ जण होते, सगळे वाचले.

तपशिलाचा माणूस

जेआरडींकडे परत येऊ. टाटांच्या टपाल सेवेने पहिल्या वर्षात १,६०,००० मैल उड्डाण केलं आणि दहा टनांच्या आसपास टपाल नेलं. हाताशी दोन लहान विमानं, मोजके पायलट आणि मोजके मेकॅनिक. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, तेव्हा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचा. अशा परिस्थितीत वेळ पाळल्याबद्दल या सेवेचं नाव झालं.

१९३८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९४२ मध्ये व्हिन्सेंट ज्या विमानाने इंग्लंडहून निघाले, ते परत आलंच नाही. ज्याच्यासोबत कंपनी उभी केली तो मित्र गेला. १९४६ मध्ये कंपनीचं नाव एअर इंडिया झालं. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस नावाचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. सोळा वर्षांपूर्वी बैलगाडीवरून पेट्रोल भरणारी कंपनी आता समुद्रापार जात होती.

१९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. जेआरडींना ते पटलं नव्हतं, पण अध्यक्षपद त्यांनी स्वीकारलं आणि पंचवीस वर्षं पगार न घेता सांभाळलं. विमानातून प्रवास करताना ते बारीकसारीक गोष्टी टिपून ठेवायचे आणि ऑफिसला चिठ्ठ्या पाठवायचे: चहा-कॉफीचा रंग, खुर्ची किती मागे जाते, कुठे धूळ आहे. कोणाला हा अतिरेक वाटेल. पण मला त्यात पस मॉथचा पायलट दिसतो. ज्याने एकेक पौंड मोजून विमान भरलंय, त्याला लहान गोष्ट लहान वाटतच नाही.

१ फेब्रुवारी १९७८ रोजी त्या वेळच्या सरकारने त्यांना पदावरून दूर केलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी स्वतः टपालाची पिशवी घेऊन जिची सुरुवात केली, तिथून त्यांना असं बाहेर पडावं लागलं.

आणि तरीही १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ७८ वर्षांचे जेआरडी जुन्या लेपर्ड मॉथ विमानात बसले आणि कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले. पद नव्हतं, पण हिशेब तोच करावा लागला: अंतर, वेळ, पेट्रोल, राखीव, वजन. वय आणि मानमरातब बघून पेट्रोल हलकं होत नाही. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, ते बघायला ते नव्हते.

नाशिकचा उन्हाळा आणि एसजी

शेवटचा एक मुद्दा, जो प्रश्नपत्रिकेत फसवतो. एसजी कायम सारखी नसते. इंधन तापलं की फुगतं, म्हणजे तेवढ्याच लिटरमध्ये वजन कमी बसतं. जेट इंधनाची एसजी १५ अंशांना ०.८०० असेल, तर आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी ४० अंशांना ती ०.७८२ च्या आसपास येते. १०,००० लिटर भरले तर फरक साधारण १८० किलो, म्हणजे दोन-तीन माणसांच्या वजनाइतका. म्हणून इंधन भरणारा माणूस पावतीवर लिटरसोबत घनताही लिहून देतो आणि पायलट ती बघूनच किलो काढतो. प्रश्नात एसजी दिली असेल तर तीच वापरा, पाठ केलेली नको.

लिटर काढायचे असतील तर सूत्र उलटं होतं: लिटर = किलो ÷ एसजी. गुणायचं की भागायचं असा गोंधळ झाला तर तेलाची पिशवी आठवा. लिटरचा आकडा नेहमी मोठा, किलोचा लहान.

सरावासाठी चार प्रश्न

१. १५० लिटर एव्हीगॅस, एसजी ०.७२. वजन किती किलो?

२. ५० इम्पिरियल गॅलन, एसजी ०.७२. वजन किती पौंड, किती किलो?

३. उड्डाणाला ८,६०० किलो इंधन हवं, टाकीत २,४०० किलो आहे, एसजी ०.७९. आणखी किती लिटर भरायचे?

४. इंजिनाला तासाला ३२ लिटर लागतात. प्रवास अडीच तास, राखीव ४५ मिनिटं, एसजी ०.७२. किमान किती किलो इंधन हवं?

उत्तरं: १) १०८ किलो. २) ३६० पौंड, साधारण १६३ किलो. ३) ६,२०० ÷ ०.७९ = साधारण ७,८४८ लिटर. ४) ३.२५ × ३२ = १०४ लिटर, × ०.७२ = साधारण ७५ किलो.

चौथ्यात ७५ आलं का? नसेल तर राखीव ४५ मिनिटं धरलीत का ते बघा, बहुतेक तिथेच अडतं. आणि कागदावर एकही आकडा एककाशिवाय लिहू नका. लिटर, किलो, पौंड, गॅलन, जे असेल ते आकड्याच्या शेजारी लिहायचं. गिमलीच्या विमानात १.७७ च्या पुढे पौंड हा एक शब्द लिहिलेला असता, तर त्या ६९ जणांचा प्रवास नेहमीसारखा झाला असता.